शिक्षा झाडाला कशासाठी?

व्यापारी प्रदर्शनांच्या धंद्यात एक मत अलीकडे पक्के होत चालले आहे. चार दिवसांच्या स्टॉलवर जिवंत झाडे आणणे हे शुद्ध सोंग आहे, असे ते मत. झाडे आणायची, वातानुकूलित हॉलमध्ये दिव्यांखाली उभी करायची, त्यांच्यापुढे फोटो काढायचे आणि शेवटच्या रात्री कार्पेटच्या तुकड्यांबरोबर ढिगावर फेकायची. यात झाडाचा छळ आहे, पैशांची नासाडी आहे, कचऱ्यात भर आहे आणि वर पर्यावरणप्रेमाचा आव आहे. त्यापेक्षा चांगल्या प्रतीची कृत्रिम झाडे घ्यावीत आणि पन्नास प्रदर्शनांत तीच वापरावीत. पाण्याची कटकट नाही, माळ्याची गरज नाही, पाने गळण्याची भीती नाही. असे म्हणणाऱ्यांत स्टॉल उभारणारे फॅब्रिकेटर आहेत, डिझायनर आहेत, पर्यावरणाची खरी कळकळ असलेली माणसेही आहेत. म्हणूनच या मताला बाजूला सारून चालणार नाही, त्याला उत्तर द्यायला हवे.

त्यांनी रंगवलेले चित्र खोटे नाही. प्रदर्शन उठते त्या रात्री कोणत्याही मोठ्या हॉलच्या मागच्या दाराशी जाऊन पाहावे. फुटका एमडीएफ, फाटलेले फ्लेक्स, गुंडाळलेले कार्पेट आणि त्यांच्यामध्ये मुळासकट उपटलेली, अजून हिरवीगार रोपे. हे पाहून ज्याला चीड येत नाही त्याने झाडांविषयी बोलूच नये. पण त्या चिडीतून काढलेला निष्कर्ष चोर सोडून संन्याशाला फाशी देणारा आहे. झाड फेकले गेले ते जिवंत होते म्हणून नव्हे. त्या रात्री त्याला मालक उरला नव्हता, म्हणून ते फेकले गेले. स्टॉलवरचे झाड खरे असावे की खोटे, हा वाद पुढचा. शेवटच्या संध्याकाळी ते कोणाचे असते, हा प्रश्न आधीचा, आणि त्याचे उत्तर स्टॉलचा पहिला आराखडा काढतानाच द्यावे लागते.

प्रतिपक्षाकडे वळण्याआधी आपल्याच बाजूची झाडलोट करू. जिवंत झाडांचे समर्थक दोन युक्तिवाद फार आवडीने करतात आणि दोन्ही टाकाऊ आहेत. पहिला, झाडे हॉलची हवा शुद्ध करतात. दुसरा, झाडे प्राणवायू देतात म्हणून स्टॉलवर आलेल्या माणसाला ताजेतवाने वाटते.

पहिल्या समजुतीचा उगम १९८९ सालच्या नासाच्या एका अभ्यासात आहे. त्यात बंद पेट्यांमध्ये कुंड्या ठेवल्या, बेन्झिन, फॉर्माल्डिहाइड यांसारखी रसायने सोडली आणि ती किती कमी होतात ते मोजले. अंतराळातल्या पूर्ण बंद निवासासाठी हा प्रश्न रास्त होता. पण अमेरिकेतल्या लँडस्केप कंत्राटदारांची संघटनाही त्या कामात भागीदार होती, आणि पेटीतला निष्कर्ष बघता बघता घराघरांत, कार्यालयांत आणि रोपवाटिकांच्या पाट्यांवर जाऊन बसला. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातल्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी असे अनेक जुने प्रयोग एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला. इमारतीत बाहेरच्या हवेची जी नेहमीची ये-जा असते, तिच्या तोडीचे काम झाडांकडून करून घ्यायचे तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असे त्यांना आढळले. आपला नेहमीचा लहान स्टॉल तीन मीटर बाय तीन मीटर, म्हणजे ९ चौरस मीटर. तिथे किमान ९० झाडे हवीत आणि वरची मर्यादा धरली तर ९०००. मग माणसे कुठे उभी करायची, आणि माल कुठे मांडायचा?

प्राणवायूची गोष्ट खरोखर करून दाखवायची तर काय करावे लागते, हे २०१५ च्या मिलान येथील जागतिक प्रदर्शनात ऑस्ट्रियाने दाखवले. वास्तुरचनाकार क्लाउस लोएनहार्ट यांच्या चमूने त्यांच्या दालनात सुमारे ५६० चौरस मीटरांवर उभे जंगलच लावले. छत उघडे, वर ऊन, आत बारीक तुषार. रचनाकारांच्या हिशेबाप्रमाणे तिथल्या पानांचे एकूण क्षेत्रफळ ४३,२०० चौरस मीटर होते आणि त्यातून ताशी ६२.५ किलो, म्हणजे १,८०० माणसांना पुरेल इतका प्राणवायू मिळत होता. भागाकार केला तर एका माणसामागे २४ चौरस मीटर पाने येतात, तीही इटलीच्या उन्हाळ्यात उघड्या आभाळाखाली. दुपारचे ऊन एक लाख लक्सच्या घरात जाते, हॉलमध्ये जमिनीशी काही शे लक्स उजेड असतो. अशा ठिकाणी मनी प्लांटची एक भिंत उभारून खाली ‘आमचा स्टॉल श्वास घेतो’ असे लिहिणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. कृत्रिम झाडांचे समर्थक हिला ढोंग म्हणतात तेव्हा मी त्यांच्या बाजूला आहे.

मग जिवंत झाड आणायचे कशासाठी? प्रदर्शन हा मुळात खऱ्या वस्तूंचा व्यवहार आहे म्हणून. छापील माहितीपत्रक आणि चित्रफीत घरबसल्या मिळते. तरीही माणूस गाडीभाडे खर्चून गोरेगावच्या किंवा मोशीच्या प्रदर्शनाला येतो, कारण त्याला वस्तू हाताळून पाहायची असते. पत्र्याची जाडी तो नखाने अजमावतो, झडप फिरवून बघतो, कापड चुरगाळतो. तोच हात जाता जाता पानालाही लागतो. पान प्लास्टिकचे निघाले तर त्याला कोणी फसवले असे तो म्हणणार नाही, पण शेजारच्या यंत्राकडे मघाच्याच विश्वासाने पाहणारही नाही. डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनात ठिबक सिंचनाच्या नळ्या, विद्राव्य खते, शेडनेट, रोपांचे ट्रे विकणारे येतात. तिथे शेतकऱ्यासमोर प्लास्टिकच्या रोपाशेजारी ठिबकची नळी मांडून पाहा. तो हसेल आणि पुढे जाईल. नळीतून थेंब पडतो, माती ओली होते, रोप टवटवीत आहे, एवढे दिसले की विक्रेत्याचे अर्धे बोलणे वाचते.

यंत्रे, रसायने, सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे काय? तिथे झाड पुरावा नसते, हे खरे. तिथे ते जागा घडवते. नऊ किंवा अठरा चौरस मीटरच्या पांढऱ्या खोक्यात आडोसा हवा असतो, बोलणी करायला थोडी निवांत जागा हवी असते, गर्दीला वळवायचे असते. प्लायचे पार्टिशन हे काम करते, पण जागा कोंडून टाकते. चार-पाच फुटी रॅफिस पामची रांग आडोसाही देते आणि पलीकडचे दिसूही देते. सरळ रेषांच्या, चकचकीत पृष्ठभागांच्या त्या जगात एकसारखी नसलेली एकमेव गोष्ट म्हणजे पाने. डोळा तिकडे वळतो, त्याला प्राणवायूचे कारण लागत नाही.

झाड हॉलमध्ये उपरे आहे, असे म्हणणाऱ्यांनी या धंद्याचा जन्म आठवावा. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये पहिले मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरायचे ठरले तेव्हा वाद पेटला तो झाडांवरूनच. बागेतली जुनी एल्म झाडे तोडली जाणार म्हणून कर्नल सिब्थॉर्प या खासदाराने पार्लमेंटमध्ये रान उठवले. शेवटी जो आराखडा स्वीकारला गेला तो जोसेफ पॅक्स्टन यांचा, आणि पॅक्स्टन हे चॅट्सवर्थच्या बागेचे प्रमुख होते, काचेची हरितगृहे बांधणारा माणूस. झाडे तोडायला नकोत म्हणून इमारतीच्या मधल्या भागाला उंच कमानदार छत दिले आणि एल्म आत घेतली. क्रिस्टल पॅलेसमध्ये यंत्रे, रेशीम आणि हिरे पाहायला आलेले लोक जिवंत झाडांखालून फिरले. प्रदर्शन संपले, काच आणि लोखंड सुटे करून सिडनहॅमला नेले, झाडे होती तिथेच राहिली. इमारत तात्पुरती आणि झाड कायमचे, हा मूळ क्रम होता. आपण तो उलटा केला. लोखंडी सांगाडा जपून गोदामात ठेवतो आणि झाड फेकतो. उलट्या झालेल्या क्रमाचा दोष झाडाच्या माथी कसा?

आता कृत्रिम झाडांचा कैवार तपासू. त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा पुनर्वापराचा आहे, आणि तो मी पुरत्या गांभीर्याने घेतो. नीट साठवलेली कृत्रिम भिंत खरोखर पन्नास वेळा वापरली, तर एकदाच वापरून फेकलेल्या जिवंत भिंतीपेक्षा ती बरी, यात वाद नाही. पण ही तुलनाच लबाडीची आहे. एका बाजूला आदर्श प्लास्टिक आणि दुसऱ्या बाजूला अत्यंत निष्काळजीपणे वापरलेले झाड. बरोबरीच्या गोष्टींची तुलना करायची तर नीट वापरलेल्या प्लास्टिकसमोर नीट वापरलेले झाड ठेवा, किंवा फेकलेल्या प्लास्टिकसमोर फेकलेले झाड.

दुसरी तुलना आधी घेऊ. फेकलेल्या झाडाची माती होते. फेकलेल्या कृत्रिम पानाचे काय होते? पाने पॉलिथिनची किंवा पॉलिस्टरच्या कापडाची, आत तार, खाली जाळी, वर रंग, सांधे गरम गोंदाचे. इतक्या पदार्थांची गुंतवळ सुटी करून पुनर्चक्रणाला देणे भंगारवाल्यालाही परवडत नाही. ती जाते कचरा डेपोवर, आणि तिथे राहते.

आता पहिली. पन्नास वापरांचा दावा कागदावर शोभतो. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीला आपला स्टॉल मागच्या वर्षीपेक्षा आणि शेजाऱ्यापेक्षा वेगळा हवा असतो. गोदामात कृत्रिम मॅटवर धूळ बसते, ती धुतली की रंग उतरतो, टेम्पोत दाबली की पाने चपटी होतात. तिसऱ्या-चौथ्या वापरात ती कळकट दिसते आणि नवी मागवली जाते. झाडाचे याच्या अगदी उलट. बरी निगा असली तर चौथ्या प्रदर्शनात ते पहिल्यापेक्षा मोठे आणि भरगच्च झालेले असते. जुने झाल्यावर ज्याची किंमत वाढते अशी स्टॉलवर दुसरी कोणती वस्तू आहे?

महाराष्ट्राने या प्रश्नाची एक फेरी आधीच पाहिली आहे. २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली. मखरवाल्यांनी तेव्हा म्हटले की थर्माकोलइतके हलके, स्वस्त आणि सुबक दुसरे काही नाही. उच्च न्यायालयात जाऊनही त्या गणेशोत्सवापुरती सवलत मिळाली नाही. मग पुठ्ठा, कापड, बांबू, कागद यांची मखरे बाजारात आली. प्लास्टिकच्या फुलांचा वादही न्यायालयापर्यंत गेला, कारण पॉलिहाउसमध्ये गुलाब आणि जर्बेरा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या पोटावर त्यांनी पाय आणला होता. कृत्रिम फुले लग्नमंडपात नकोत, आणि कृत्रिम झाडे उद्योगमेळाव्यात मात्र पर्यावरणपूरक? हा न्याय कोणता?

आता उरला खरा आरोप, कचऱ्याचा. त्याचे उत्तर भाड्यात आहे. झाडे भाड्याने आणणे ही काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे. मंत्र्यांचा कार्यक्रम असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की लग्नाचा स्वागतसमारंभ, व्यासपीठापुढे कुंड्यांची रांग लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोपवाटिकेत परत जाते. कोणी त्या कुंड्या फेकत नाही, कारण त्यांचा मालक गेटवर टेम्पो घेऊन उभा असतो. त्याच्याही आधी मांडवाच्या दाराशी केळीचे खुंट आणि आंब्याचे टहाळे बांधायचे, आणि कार्य उरकले की केळ गुरांपुढे जायची. परतीची वाट ठरलेली होती, म्हणून तो कचरा नव्हता.

स्टॉलवर ही वाट तुटते ती खरेदीमुळे. कंपनी फॅब्रिकेटरला एकरकमी पैसे देते, फॅब्रिकेटर त्यातून रोपे विकत घेतो. शेवटच्या रात्री कंपनीची माणसे विमानतळाच्या वाटेवर असतात आणि फॅब्रिकेटरला पहाटेपर्यंत हॉल रिकामा करून द्यायचा असतो. त्याच्या दृष्टीने रोप हा तेव्हा फक्त टेम्पोतली जागा अडवणारा ऐवज असतो. तेच रोप अनामत रक्कम ठेवून भाड्याने आणले असते, तर परत न गेलेल्या प्रत्येक कुंडीचे पैसे त्याच्या बिलातून कापले गेले असते. मग तो ती उचलून ठेवतो, मोजतो, सावरतो. माणसे चांगली किंवा वाईट असण्याचा इथे संबंध नाही, व्यवहार कसा बांधला आहे त्याचा आहे.

व्यवहार असा बांधायचा तर रचनाही तशीच हवी, आणि इथे डिझायनर मंडळी दोषी आहेत. संगणकावर सुंदर चित्र काढायचे, त्यात हिरवा रंग भरायचा आणि झाडे शोधायचे काम शेवटच्या आठवड्यात फॅब्रिकेटरच्या गळ्यात घालायचे, ही आपली रीत. काम उलट्या टोकाने सुरू व्हायला हवे. आधी रोपवाटिकेत जाऊन काय, किती उंचीचे, किती इंची कुंडीत तयार आहे ते पाहायचे. सहा, आठ, दहा, बारा इंच, कुंड्यांची मापे ठरलेली असतात. पेटीची खोली त्या मापावरून काढायची. रोप स्टॉलमध्ये लावायचे नाही, कुंडीसकट पेटीत नुसते ठेवायचे. तळाशी पाणी धरणारा ट्रे, कडेला जलरोधक अस्तर, वरून नारळाच्या सोडणाचे तुकडे पसरले की कुंडीचा काठ झाकतो. परत नेताना हात घालून उचलले की झाले. मुळाला धक्का नाही, माती सांडायला नको. पेटीत माती भरून रोप लावले की ते उपटावेच लागते, आणि उपटलेले रोप रोपवाटिकेवाला परत घेत नाही. फेकण्याचा निर्णय त्या मातीच्या पहिल्या पाटीबरोबरच झालेला असतो.

उभ्या भिंतींचेही तेच. पॅट्रिक ब्लाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयाची किंवा माद्रिदच्या काइशाफोरमची भिंत हिरवी केली ती कायमसाठी. वनस्पतींनी फेल्टच्या थरात मुळे रोवायची, खतपाणी वरून झिरपत राहायचे, वर्षानुवर्षे भिंत वाढायची. त्याची नक्कल चार दिवसांसाठी करणे म्हणजे त्याचे काम न समजणे. स्टॉलसाठी लहान कुंड्या खाचेत अडकवायचे सुटे पॅनेल आपल्याकडे सहज मिळते. एकेक कुंडी निघते, सुकलेली बदलता येते, सगळ्या परत जातात. ज्या भिंतीतून एक कुंडी सुटी काढता येत नाही ती स्टॉलवर उभारूच नये. हॉलमध्ये खऱ्या हिरवळीचे गालिचे अंथरणे, अरेकाच्या तोडलेल्या झावळ्या फुलदाणीत खोचून त्याला जिवंत सजावट म्हणणे, ग्लिसरीनमध्ये मुरवलेल्या मृत शेवाळाला जिवंत भिंत म्हणून खपवणे, हे सगळे बंद व्हावे. त्याचा बचाव मी करणार नाही.

छळाच्या आरोपाचे काय? इथे थोडे वनस्पतिशास्त्र पुरते. अग्लोनिमा, स्नेक प्लांट, झेडझेड, मनी प्लांट, सिंगोनियम, रॅफिस यांना कमी उजेड सोसतो. त्यांतली बहुतेक मुळात दाट झाडीच्या सावलीत वाढणारी आहेत. चार दिवसांचा मंद उजेड त्यांना जाणवतही नाही. याउलट फायकस बेंजामिना जागा बदलली की पाने टाकते, म्हणून ते आणू नये. निवड चुकली तर दोष निवडणाऱ्याचा. झाडाला प्रत्यक्ष इजा होते ती वेगळ्याच गोष्टींनी, आणि त्यांतली एकही टाळता न येण्याजोगी नाही. उघड्या टेम्पोतला वारा पाने फाडतो, बंद गाडी आणावी. मांडणीच्या दिवसांत हॉलमधले वातानुकूलन बहुधा बंद असते, उकाडा असतो, एमडीएफ कापल्याचा भुसा आणि रंगाचा फवारा उडत असतो. म्हणून झाडे सर्वांत शेवटी, उद्घाटनाच्या आदल्या रात्री आत यावीत. दिव्याचा झोत पानापासून हातभर दूर हवा. थंड हवेचा झोत थेट अंगावर नको. आणि उरलेला चहा कुंडीत ओतणाऱ्या पाहुण्याकडे लक्ष हवे.

या सगळ्यासाठी एक माणूस लागतो. स्टॉलवर इलेक्ट्रिशियन असतो, सूत्रसंचालक असतो, चहा देणारा मुलगा असतो, माळी मात्र नसतो. रोज सकाळी दारे उघडण्याआधी तासभर तो आला, पाने ओल्या फडक्याने पुसली, बोटाने माती चाचपून लागेल तेवढेच पाणी दिले, की काम झाले. झाडे हॉलमध्ये मरतात ती बहुतेक वेळा तहानेने नव्हे. स्टॉलवरचा प्रत्येक उत्साही माणूस आपापली बाटली रिती करतो आणि मुळे कुजतात. माळ्याच्या मजुरीचा वेगळा आकडा अंदाजपत्रकात नसेल तर झाडे आणू नका, असे मी सरळ सांगतो.

आगीची भीती हा आणखी एक आक्षेप. गंमत म्हणजे या बाबतीत सर्वांत काटेकोर समजल्या जाणाऱ्या जर्मनीत अनेक मोठ्या प्रदर्शन केंद्रांचे नियम झाडांना हाकलत नाहीत. झाडे आणायची तर मुळांचा गोळा ओलसर हवा, आणि प्रदर्शन चालू असताना झाड वाळू लागले तर ते काढून टाकावे, असे ते सांगतात. संशय असतो तो पेंढा, वाळके गवत, बोरू, बांबू यांच्यावर, आणि ज्वालारोधक प्रक्रिया न केलेल्या कृत्रिम सजावटीवर. कारण उघड आहे. पाणी प्यायलेले पान सहजी पेटत नाही. साधे पॉलिथिन पेटते आणि वितळून थेंब थेंब खाली गळते. सुरक्षेच्या नावाने खरे झाड बाहेर आणि प्लास्टिकचे आत, हा आगीतून फुफाट्यात जाण्याचा मार्ग आहे.

वजनाचा आणि पाण्याचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला शब्दांनी नव्हे तर लोखंडाने उत्तर द्यायचे. ओली जिवंत भिंत चौरस मीटरला ४०-५० किलो सहज भरते. तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच भिंत म्हणजे साडेतीनशे किलोंच्या आसपास. हे ओझे आयोजकांनी दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पॅनेलला टांगायचे नसते. रुंद तळाची स्वतंत्र लोखंडी चौकट लागते, आणि प्लॅटफॉर्मखालून जाणाऱ्या विजेच्या वायरी कुंड्यांपासून दूर न्याव्या लागतात. हे जमत नसेल तर भिंतीचा हट्ट सोडून जमिनीवर कुंड्या मांडाव्यात. दहा मोठी झाडे तीनशे लहान रोपांपेक्षा बहुतेक वेळा चांगली दिसतात.

परदेशी अभ्यासांचा हवाला देऊन काही जण म्हणतात की कुंडीतल्या झाडाचा कार्बनभार मोठा असतो. युरोपात तो असतोही, कारण तिथे हिवाळ्यात हरितगृह तापवावे लागते आणि दलदलीतून उकरलेले पीट वापरले जाते. आपल्याकडचे रोप शेडनेटखाली, नारळाच्या काथ्याच्या उद्योगातून उरलेल्या कोकोपीटमध्ये वाढते. तापवण्याचा प्रश्नच नाही. आपला भार आहे तो डिझेलचा. पुण्या-मुंबईत मिळणारी पुष्कळ शोभेची झाडे गोदावरीच्या काठावरच्या कडियमहून, राजमहेंद्रीजवळून, सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास करून येतात. एका प्रदर्शनासाठी तिथून ट्रक मागवणे हा वेडेपणा आहे. पुण्यातल्या प्रदर्शनाला उरुळी कांचन तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. जवळच्या रोपवाटिकेत जे आहे त्यातूनच रचना करायची, हा नियम पाळला तर हा आक्षेपही उरत नाही.

‘एवढी उठाठेव कशाला’ असे कोणी म्हणेल. ती नको असेल तर झाडे अजिबात आणू नका, रिकामी स्वच्छ जागाही सुंदर असते. पण उठाठेव नको म्हणून खोटे झाड उभे करायचे आणि वर त्यालाच पर्यावरणाचे शहाणपण म्हणायचे, हे मान्य होण्यासारखे नाही. हॅनोव्हरच्या २००० सालच्या जागतिक प्रदर्शनात एमव्हीआरडीव्ही या कार्यालयाने नेदरलँड्सचे दालन मजल्यांवर मजले रचून उभारले आणि त्यातल्या एका मजल्यावर जंगल लावले. जगभर त्याचे कौतुक झाले. प्रदर्शन उठल्यावर ती इमारत कित्येक वर्षे ओस पडून मोडकळीस आली, कारण नंतरचा वाली ठरला नव्हता. बुद्धी, पैसा, कौशल्य सगळे असूनही ‘नंतर कोण’ या प्रश्नाला उत्तर नसेल तर काय होते, हे तिथे दिसले. त्यावरून जंगल वाईट, असा निष्कर्ष कोणी काढला नाही.

तेव्हा आयोजकांना माझी मागणी साधी आहे. प्रदर्शकांच्या नियमपुस्तिकेत झाडांचे एक पान घाला. प्रत्येक झाड स्वतःच्या कुंडीत असेल. कोणत्या रोपवाटिकेतून आले आणि कधी परत जाणार याची नोंद स्टॉलचा ताबा घेतानाच द्यावी लागेल. परत न गेलेल्या झाडांचा दंड प्रदर्शकाच्या अनामतीतून कापला जाईल. रोपवाटिकांच्या टेम्पोंना शेवटच्या रात्री फॅब्रिकेटरच्या ट्रकआधी गेटमधून आत सोडले जाईल. हॉलजवळ पाण्याचा एक नळ माळ्यांसाठी राखून ठेवलेला असेल. आणि हवा शुद्ध केल्याचा किंवा प्राणवायू दिल्याचा दावा कोणालाही भिंतीवर लिहिता येणार नाही. या अटी ज्याला जाचक वाटतात त्याला झाडे नकोच होती, त्याला हिरवा रंग हवा होता. त्याने डब्यातला रंग घ्यावा, झाडाला हात लावू नये.